नागपूर भागातली वंशावळ शोधताना: आडनाव मागे ठेवा, मौजा हाती धरा

आपले पूर्वज शोधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा आडनावापासून सुरुवात करतो. समाजमाध्यमांवर त्याच आडनावाची माणसे गाठतो, मूळ गाव विचारतो आणि कुणीतरी सांगितलेली ऐकीव कथा वहीत उतरवून घेतो. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर या पट्ट्यात ही वाट दोन-तीन पिढ्यांतच संपते, कारण इथल्या जुन्या महसुली कागदांत आडनाव बहुधा नसतेच. नोंद अशी असते: ‘महादू वल्द गोविंदा, जात तेली, साकिन मौजा अमुक’. माणसाचे नाव, बापाचे नाव, जात आणि गाव, एवढेच. यातला शोधायला सर्वांत पक्का धागा गावाचा. मौजा (म्हणजे महसुली गाव) आणि बापाचे नाव या दोन गोष्टी धरून मागे मागे गेलात, तर साध्या शेतकरी किंवा मजूर घराची वंशावळही १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नेता येते.

पहिली पायरी: घरातली चौकशी, पण नेमकी

‘आपले पूर्वज कोण होते?’ असे विचारले की म्हातारी माणसे गप्प तरी बसतात किंवा थोरवीच्या गोष्टी सांगतात. त्यापेक्षा छोटे, टोकदार प्रश्न विचारा. सगळ्यांत उपयोगी प्रश्न सुतकाचा: ‘आपल्याला सुतक कुणाकुणाचे लागते?’ ज्यांचे सुतक लागते ते भाऊबंद, म्हणजे एकाच पुरुषाची पोरे. कधीकाळी गाव सोडून गेलेल्या, आज आडनावही वेगळे लावणाऱ्या शाखा या एका प्रश्नाने सापडतात. पणजोबाचे नाव ज्यांना आठवत नाही, त्यांनाही सुतक कुणाचे पाळले हे आठवते.

त्यानंतर वावरांची नावे विचारा. प्रत्येक घराच्या शेताला नाव असते, आणि ते शेत विकले गेले असले तरी नाव लोकांच्या तोंडी राहते. आजीचे माहेर, आत्या कोणत्या गावात दिल्या, कुलदैवत कुठले, नवस फेडायला कुठे जात होते, दुष्काळात कुठून निघालो असे सांगतात, हे सगळे लिहून घ्या. परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करा, कारण उच्चार महत्त्वाचा असतो. गावाचे नाव आजी जसे उच्चारते तसेच ते जुन्या कागदात लिहिलेले असण्याची शक्यता बरीच असते.

घरातल्या पेट्या उघडा. लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, शेतसाऱ्याच्या पावत्या, जुनी रेशनकार्डे, गहाणखते, शाळेचे दाखले, काहीही फेकू नका. तेरवीच्या पत्रिकेत खाली शोकाकुल म्हणून जी नावे छापतात, ती आयती वंशावळच असते.

दुसरी पायरी: फाईल आधीच कुणाकडे तरी आहे

ही पायरी बहुतेक जण सोडून देतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. महाराष्ट्रात जात पडताळणीसाठी अर्ज करताना शपथेवर वंशावळ द्यावी लागते आणि ठरलेल्या तारखेच्या आधीचे पुरावे जोडावे लागतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या त्या तारखा. म्हणजे तुमच्या चुलत घरातल्या एखाद्या मुलामुलीने इंजिनिअरिंग, मेडिकल किंवा सरकारी नोकरीसाठी वैधता प्रमाणपत्र काढले असेल, तर आजोबा-पणजोबांच्या नोंदींच्या नकला त्यांच्या कपाटात आहेत. आधी त्यांना फोन करा. चार-पाच चुलत घरांच्या फायली एकत्र केल्या की अर्धे काम होते.

फायलीतली वंशावळ मात्र तपासून घ्या. ती एका विशिष्ट कामासाठी केलेली असते. त्यामुळे लागणारी फांदी तेवढी दाखवलेली असते, मुली गाळलेल्या असतात आणि निपुत्रिक भाऊ दिसत नाहीत.

दुसरे घबाड म्हणजे वाटणीचे आणि वारसाचे दावे. जमिनीवरून भांडण झालेल्या घरात वंशावळ उत्तम सापडते, कारण दोन्ही बाजूंनी ती तपासलेली असते. आपल्याकडच्या जुन्या दाव्यांत तिला कुर्सीनामा म्हणतात. वकिलाच्या कागदांत किंवा न्यायालयाच्या निकालाच्या नकलेत हा शब्द दिसला की तिथे थांबून वाचा.

तिसरी पायरी: मौजा पक्का करा

‘आमचे गाव सावंगी’ एवढ्याने भागत नाही. सावंगी, खापरी, पिपळा, बोरी या नावांची गावे एकापेक्षा जास्त आहेत, त्यात बुद्रुक आणि खुर्द वेगळे. गावासोबत तहसील, पटवारी हलका (एका पटवाऱ्याकडे असलेल्या गावांचा गट) नंबर आणि जमल्यास बंदोबस्त (जमिनीची मोजणी करून सारा ठरवण्याचे सरकारी काम) नंबर मिळवा. हे दोन नंबर नागपूरकडच्या खरेदीखतांत ‘प.ह.नं.’ आणि ‘बं.नं.’ असे लिहिलेले असतात.

मग ते गाव त्या त्या काळी कोणत्या जिल्ह्यात होते ते पाहा. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा झाला. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून निघाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर जिल्ह्यात नागपूर, रामटेक, उमरेड आणि काटोल अशा चारच तहसिली होत्या. म्हणून आज कुही किंवा नरखेड तालुक्यात असलेल्या गावाचा जुना बस्ता (कागदांचे गाठोडे) दुसऱ्याच नावाखाली बांधलेला असू शकतो. सौंसर, पांढुर्णा, मुलताई या भागातून आलेली मराठी घरे नागपुरात पुष्कळ आहेत. त्यांनी मध्य प्रदेशातल्या तहसिलीतच अर्ज करायला हवा. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच प्रांतात होता आणि नागपूर त्याची राजधानी होती, त्यामुळे कागदांची भाषा आणि रकाने दोन्हीकडे सारखेच दिसतात.

काही गावे आता नाहीतच. पटकीने किंवा दुष्काळाने ओस पडलेली गावे महसुली यादीत ‘रिठी’ म्हणून राहतात आणि त्यांची दप्तरे शेजारच्या हलक्यात असतात. गोसेखुर्द धरणात गेलेल्या कुही, भिवापूर आणि पवनीकडच्या गावांसाठी भूसंपादन व पुनर्वसनाच्या फायली पाहा. मोबदला वाटताना खातेदारांचे वारस त्यात नोंदलेले असतात.

चौथी पायरी: सातबाऱ्यावरून खाली उतरत जा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. आजच्या सातबाऱ्यापासून सुरुवात करून प्रत्येक फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) क्रमांकाची नक्कल घ्या. वारसाच्या फेरफारात मयत खातेदाराचे नाव, मृत्यूची तारीख आणि वारस, पुष्कळदा मुलींसह, लिहिलेले असतात. एकेक फेरफार मागे नेत गेलात की १९५४-५५ च्या ‘अधिकार अभिलेख’पर्यंत पोचता. विदर्भात हा कागद पाया मानला जातो. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणाऱ्या मालगुजाराकडे गावाची मालकी असण्याची पद्धत, संपल्यानंतर जमीन कोणाच्या नावे राहिली हे त्यात दिसते. मध्य प्रदेशाचा मालगुजारी निर्मूलनाचा कायदा १९५० चा, आणि मालगुजारांचे हक्क १९५१ मध्ये सरकारजमा झाले. त्यामुळे त्या वर्षाच्या अलीकडचे आणि पलीकडचे कागद दिसायला एकदम वेगळे.

त्याच्या मागे खसरा (शेतांची नंबरवार नोंद), जमाबंदी (कोणाकडे किती सारा याची नोंद) आणि नकलाखान्यातले लोक ज्याला नुसते ‘पी-१’ म्हणतात तो कागद येतो. आणखी मागे बंदोबस्ताच्या मिसली, म्हणजे त्या वेळी केलेली गाववार दप्तरे. नागपूर जिल्ह्याचा पहिला तीस वर्षांचा बंदोबस्त १८६० च्या दशकात झाला, दुसरा १८९० च्या दशकात, तिसरा १९१० च्या दशकात. तिन्ही बंदोबस्तांत आपला मौजा शोधा. एका गावात ‘गोविंदा’ नावाचे चौघे असतील, पण १८९० च्या दशकात जो खसरा नंबर गोविंदाचा होता तोच पुढच्या बंदोबस्तात ‘महादू वल्द गोविंदा’कडे दिसला, तर तो आपला. बंदोबस्तात खसरा नंबर बदलतात हे लक्षात ठेवा आणि जुन्या-नव्या नंबरांचा मेळ आधी घाला. ज्याने हा मेळ घातला नाही त्याने भलत्याच घराचा आजा आपल्या वंशावळीत घातला असे समजा.

या कागदांत काही शब्द वारंवार येतात. मौरूसी म्हणजे वंशपरंपरागत हक्क असलेले कूळ. मालिक मकबूजा म्हणजे आपल्या तुकड्यापुरता मालक. सीर आणि खुदकाश्त म्हणजे मालगुजाराने स्वतःकडे ठेवलेली जमीन. लंबरदार म्हणजे सरकारात सारा भरायला जबाबदार असलेला मालगुजार. ‘जौजे’ पुढे नवऱ्याचे नाव येते आणि ‘बेवा’ म्हणजे विधवा. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता: खातेदार लहान आहे आणि त्याच्या वतीने आई किंवा काका नाव लावतो आहे. हे तीन अक्षरांचे लघुरूप दिसले की बाप तरुण वयात गेला, हे समजून त्या आसपासच्या वर्षांत मृत्यूची नोंद शोधा.

वर्धा नदी ओलांडून अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाण्याकडे गेलात की कागद बदलतात. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला आणि तिथे मुंबई इलाख्यासारखी रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारात भरत असे, मालगुजारी नव्हती. तिकडे मिसल मागू नका, हक्कनोंदणी आणि जुने सर्व्हे नंबर मागा.

नकलांसाठी तीन दारे आहेत: तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष, जिल्हाधिकारी कार्यालयाचा अभिलेख कक्ष आणि भूमि अभिलेख खात्याचे उपअधीक्षक कार्यालय. बरेच जुने कागद स्कॅन करून महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर ठेवलेले आहेत, तिथे आधी पाहा. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामातून अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर जुन्या नोंदींची पाने आली. ती चाळायला मिळतात, आणि शोधणाऱ्याची जात कोणतीही असली तरी त्या पानांवरून जुन्या कागदांचे अक्षर आणि रकाने ओळखायला शिकता येते.

पाचवी पायरी: कोतवाल पंजी आणि दाखल खारीज

ज्यांच्या घरात कधी जमीन नव्हती त्यांना चौथ्या पायरीवर काही सापडत नाही, आणि मग ते शोध सोडून देतात. सोडू नका. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर ठाण्यात नेऊन लिहवत असे. त्या कोतवाल पंजीत भूमिहीन मजुराचे मूलही मालगुजाराच्या मुलासारखेच एका ओळीत येते. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव सहसा नसते, कारण बारसे व्हायचे असते. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख एवढेच असते. म्हणून ‘आजोबांचे नाव सापडत नाही’ म्हणून परत फिरू नका, पणजोबांच्या नावावर शोधा. सख्ख्या भावंडांच्या नोंदी क्रमाने लावल्या की आजोबा कितवे हे कळते.

मृत्यूची पाने वाचताना वर्ष पाहा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, आणि १९१८ च्या पावसाळ्यानंतरची इन्फ्लुएंझाची साथ. या काळातल्या नोंदींची पाने भरगच्च असतात आणि एकाच घरातली तीन-चार माणसे एका आठवड्यात गेलेली दिसतात. आपल्या घराची माणसे त्यात सापडली तर तारखा नीट उतरवा. वंशावळीत ज्या फांद्या पुढे वाढल्या नाहीत, त्यांचे कारण बहुधा इथेच मिळते.

शाळेचे ‘दाखल खारीज’ रजिस्टर हा तिसरा आधार. जुन्या जिल्हा परिषद शाळांत ते मुख्याध्यापकांच्या कपाटात जपलेले असते. त्यात मुलाचे आणि वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख, राहण्याचे गाव आणि शाळा सोडल्याचे कारण असते. जन्मतारखेवर फार विसंबू नका. १ जुलै ही तारीख गुरुजींनी अंदाजाने घातलेली असण्याचा संभव मोठा. पण आडनाव कागदावर पहिल्यांदा भेटते ते पुष्कळदा याच रजिस्टरात, म्हणून आडनाव नसलेल्या महसुली नोंदीला आडनाव असलेल्या पिढीशी जोडायला हाच दुवा.

शहरातल्या घरांसाठी

महाल, इतवारी, गांधीबाग, पाचपावली, सीताबर्डी इथल्या जुन्या घरांसाठी आखीव पत्रिका (शहरी जागेचा मालमत्ता पत्रक) आणि नझूलचे (शहरातल्या सरकारी जमिनीचे) कागद काढा. नागपूरची नगरपालिका १८६४ पासूनची आणि महानगरपालिका १९५१ पासूनची, त्यामुळे घरटॅक्सच्या जुन्या पावत्यांवरही आजा-पणजा भेटतो. पणजोबा १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये, मॉडेल मिलमध्ये किंवा बंगाल नागपूर रेल्वेत कामाला असतील तर सर्व्हिस बुक आणि भविष्यनिर्वाह निधीचे कागद शोधा, त्यात मूळ गाव लिहिलेले असते. गावाहून गिरणीत आलेल्या घरांना तुटलेला मौजा इथूनच परत मिळतो. शिकलेल्या पूर्वजांसाठी: नागपूर विद्यापीठ १९२३ चे, त्याआधीच्या पदव्या अलाहाबाद किंवा त्याही आधी कलकत्ता विद्यापीठाच्या. ख्रिस्ती घरांनी चर्चच्या बाप्तिस्मा व विवाह नोंदवह्या आणि मुस्लिम घरांनी काझींच्या निकाहाच्या वह्या विचाराव्यात.

जनगणनेतून घरोघरची नावे मिळत नाहीत. आपल्या देशात त्या याद्या लोकांसाठी खुल्या केल्या जात नाहीत, त्यामुळे तिकडे वेळ घालवू नका.

आडनाव काय सांगते

आडनाव निरुपयोगी नाही, पण ते पुरावा नव्हे, दिशा आहे. उमरेडकर, काटोलकर, पवनीकर, रामटेके, नागपुरे, लांजेवार ही नावे गावावरून आलेली. मात्र असे नाव गाव सोडल्यावर पडते. उमरेडात राहणाऱ्याला कुणी उमरेडकर म्हणत नाही. म्हणजे हे आडनाव असेल तर आपण कधीतरी तिथून निघालो, एवढेच कळते, आणि ते गावही मधला मुक्काम असू शकते. देशमुख, देशपांडे, पाटील, पांडे ही वतनाची नावे, फडणवीस, चिटणीस, मुनशी, बक्षी ही दरबारच्या कामाची. पहिल्या रघुजी भोसल्यांनी १८ व्या शतकाच्या मध्यात नागपुरात राजधानी केली तेव्हा पश्चिमेकडून पुष्कळ घरे सोबत आली. कुलदैवत जेजुरी, तुळजापूर किंवा कोकणातले असेल तर ही शक्यता तपासा. गोंड घरांत मडावी, उईके, आत्राम, धुर्वे, टेकाम या नावांसोबत घर चार, पाच, सहा की सात देवांचे (कुळांचे गट देवांच्या संख्येवरून पडतात), हे विचारल्याशिवाय नाते ठरत नाही.

वानखेडे, बोरकर, ठाकरे ही आडनावे वेगवेगळ्या जातींत आहेत. एकाच आडनावावरून नाते जोडणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक.

जात लिहिण्याबद्दलही सावध राहा. जुन्या कागदांत लिहिणाऱ्याची नजर उतरलेली असते: एकाच पानावर एकाला ‘रामजी’ आणि दुसऱ्याला ‘राम्या’ लिहिलेले दिसते. नाव तसेच उतरवा, कारण पुढच्या नोंदीत तेच शोधायचे असते, पण आपल्या वंशावळीत पूर्वजाला मानाने लिहा. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाल्यावर अनेक घरांच्या पुढच्या नोंदींत ‘बौद्ध’ लिहिलेले आहे, आणि काहींनी नावेही बदलली. त्यामुळे त्या वर्षाच्या दोन्ही बाजूंना एकाच घराची नोंद दोन तऱ्हांनी शोधावी लागते. त्या घरांनी तो दिवस वंशावळीत तारखेसह लिहावा. एवढी ठाम तारीख फार थोड्या कुटुंबांना लाभते.

पंड्यांच्या वह्या, भाट आणि परधान

हरिद्वार, प्रयाग, काशी, गया, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या नोंदी असतात, आणि त्या बहुतेक गाव-जिल्ह्याप्रमाणे लावलेल्या असतात. तिथेही मौजाच कामाला येतो. अस्थी घेऊन कोण कुठे गेले होते हे घरी विचारा आणि त्याच पुरोहिताच्या गादीवर जा. हरिद्वार आणि इतर तीर्थांच्या अनेक वह्यांच्या प्रतिमा फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर पाहायला मिळतात. रामटेकच्या अंबाळा तलावावर आपल्या घरची कर्मे होत असतील तर तिथल्या पुरोहितांकडेही चौकशी करा. ज्या समाजांत भाट वंशावळी सांगत येत असत, तिथे त्यांचे गाव कोणते हे वडीलधाऱ्यांना माहीत असते. गोंड समाजाची कुळकथा परधानांनी जपली आहे. ती गायलेली ऐकायची असते, म्हणून पूर्ण वेळ देऊन बसा.

तारखा, मोडी आणि नोंद ठेवणे

इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा, विक्रम संवतातून ५७ वजा करा, वर्षाच्या कडेला एकाचा फरक पडतो. फसली या जुन्या महसुली सनात अडचण आहे: दख्खनी फसलीत ५९० मिळवायचे, तर उत्तरेकडच्या फसलीत ५९२ ते ५९३. नागपूर दोन्हींच्या मध्ये असल्याने त्याच कागदावरची दुसरी एखादी तारीख ताडून पाहिल्याशिवाय इसवी सन लिहू नका. भोसलेकालीन आणि वऱ्हाडातले बरेच कागद मोडीत आहेत. पुराभिलेख खात्याची शाखा नागपुरात आहे, विदर्भ संशोधन मंडळही १९३४ पासून इथे आहे, तिथे मोडी वाचणाऱ्यांची चौकशी करता येते. वतनदार किंवा दरबारी घर नसेल तर भोसलेकाळात नावानिशी पूर्वज सापडणे अवघड आहे. वर्ष १८६० च्या आसपास थांबावे लागले तरी ते काम पूर्णच समजा.

प्रत्येक नावासमोर आधार लिहा: कोणता कागद, कोणते वर्ष, कोणते कार्यालय. ऐकीव असेल तर ‘ऐकीव, अमुक आत्याकडून’ असे स्पष्ट लिहा. आजी, पणजी, आत्या यांची नावे आणि माहेरे वंशावळीत घ्याच. वाटणीपत्रे आणि वारसाचे फेरफार वाचताना ती मिळतात, शिवाय माहेरचा मौजा दुसऱ्या शोधाची सुरुवात असतो. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते इंटरनेटवर टाकू नका.

नकलेच्या अर्जात मौजा, तहसील, जिल्हा, प.ह.नं., बंदोबस्त नंबर, खसरा नंबर, वर्ष आणि कागदाचे नाव एवढे हवे. ‘आमच्या पूर्वजांची माहिती मिळावी’ असा अर्ज केलात तर अभिलेख कक्षात कुणालाही बस्ता काढता येत नाही. ‘१९५४-५५ चा अधिकार अभिलेख, मौजा अमुक, खसरा नंबर तमुक’ असे लिहिलेत की काम पुढे सरकते. जून-जुलैत तहसिलीत दाखल्यांसाठी विद्यार्थ्यांची रांग असते, त्यामुळे दिवाळीनंतर जा. गावालाही तेव्हाच जा: कापसाच्या आणि तुरीच्या दिवसांत माणसे वावरात भेटतात, आणि खसरा नंबर घेऊन गेलात तर त्या वावराला पूर्वी काय म्हणत, हे सांगणारे कुणीतरी तिथे हमखास असते.